मुलीला स्वीडनला पाठवायचंय, पण तिथले गुन्ह्यांचे आकडे?

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलंय. मुलीला स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात एमएस्सीला प्रवेश मिळालाय, कर्जाची फाईल बँकेत गेलीय, आणि आता तिच्या आत्यानं मोबाईलवर फिरत आलेला एक तक्ता पुढं केला. बलात्काराच्या दरात स्वीडन जगात अगदी वर, भारत कुठंतरी तळाला. त्यांचा प्रश्न जसाच्या तसा देतो: "तुम्ही पोलिसात होता. हे आकडे खरे का खोटे? खरे असतील तर पोरीला आपल्यापेक्षा वाईट जागी कशाला धाडू?"

आकडे खरे आहेत. आत्याबाईंनी त्यांचा लावलेला अर्थ चुकलाय. का चुकलाय ते सांगायला जरा लांबून यावं लागेल, म्हणून हे उत्तर लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

मी सांगली जिल्हा पोलीस दलातून सहायक पोलीस उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली निम्मी वर्षं क्राईम रायटर म्हणून गेली. म्हणजे चोरांपेक्षा चोरांचे कागद जास्त हाताळले. महिनाअखेरीला भाग एक ते पाच, म्हणजे दंड विधानातले गुन्हे, किती दाखल, भाग सहा, म्हणजे इतर कायद्यांतले, किती, उघड किती, गेल्या वर्षी याच महिन्यात किती, असे तक्ते भरून एसपी ऑफिसला धाडायचे. तुमच्या मोबाईलवर आलेला जगाचा तक्ता म्हणजे असल्याच लाखो तक्त्यांची बेरीज. तो भरताना काय काय होतं ते मी आतून बघितलंय.

एका पोलीस ठाण्यातली गोष्ट, ठाण्याचं नाव राहू द्या. संध्याकाळी स्टँडवर जतच्या गाडीत चढताना एका कॉलेजच्या पोरीचा मोबाईल गेला. रडत ठाण्यात आली. ठाणे अंमलदारानं विचारलं, "चोराला बघितलंस?" नाही म्हणाली. "मग चोरीला गेला कशावरनं? गर्दीत पडला असंल की." कोरा कागद तिच्यापुढं सरकवला आणि मजकूर तोंडी सांगितला: माझा मोबाईल प्रवासात कुठेतरी गहाळ झाला आहे, तरी दाखला मिळावा, ही विनंती. तिला जुन्या नंबरचं सिम परत हवं होतं, त्याला दाखला लागतो. दाखला मिळाला, ती डोळे पुसत गेली. त्यावरचा गोल शिक्का मी मारला होता. 'चोरी'च्या जागी 'गहाळ' हा एक शब्द पडला आणि सरकारी हिशोबात तो गुन्हा घडलाच नाही.

तो अंमलदार वाईट माणूस होता असं समजू नका. पुढच्या आठवड्यात क्राईम मीटिंग होती. तिथं प्रत्येक ठाण्याच्या साहेबाला उभं करून विचारतात, चोऱ्या का वाढल्या? गुन्हा नोंदवला की तपास आला, तपास आला की उघडकीचं प्रमाण आलं, आणि न सापडलेल्या मोबाईलसाठी 'अ' समरी, म्हणजे गुन्हा खरा पण चोर सापडला नाही असा अहवाल, कोर्टाला पाठवेपर्यंत डोक्याला ताप. त्यापेक्षा गहाळ बरं. पोलिसांच्या बोलीत याला बर्किंग म्हणतात, आणि ते फक्त सांगलीत चालतं असंही नाही. इंग्लंडच्या पोलिसांचं ऐका. २०१४ च्या जानेवारीत तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणानं पोलिसांच्या गुन्हे आकडेवारीचा अधिकृत राष्ट्रीय आकडेवारी हा दर्जाच काढून घेतला. त्याच वर्षी पोलीस निरीक्षणालयानं तपासणी केली तेव्हा लोकांनी पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी जवळपास १९ टक्के नोंदवलेलेच नव्हते. लैंगिक गुन्ह्यांत तर २६ टक्के. ती बातमी वाचून मला, खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं होतं.

पुढं जिल्ह्याला एक एसपी आले. त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं, येईल तो गुन्हा दाखल करा, आकडा वाढला तर मी बघतो. वर्षभरात रजिस्टरं जाड झाली. आणि पेपरात काय आलं? जिल्ह्यात चोऱ्यांचा सुळसुळाट, पोलिसांचा वचक संपला. चोर तेवढेच होते हो. फक्त आता आम्ही लिहून घेत होतो.

ही गोष्ट डोक्यात ठेवून आता आपल्याच देशाकडं बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी अहवाल काढतो. त्यात एकूण गुन्ह्यांच्या दरात केरळ नेहमी वरच्या राज्यांत असतं, आणि बिहारचा दर राष्ट्रीय सरासरीच्याही खाली असतो. २०२२ ची राष्ट्रीय सरासरी लाखामागे ४२२ होती, केरळची त्याच्या कितीतरी वर. म्हणून कुणी केरळ सोडून बिहारला राहायला चाललंय का? त्याच अहवालातलं खुनाचं पान उघडलं की केरळात लाखामागे एकसुद्धा भरत नाही, बिहारमध्ये दोनाच्या वर. विट्याचा माझा मेहुणा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवायच्या, धंद्यात केरळात आहे. तो म्हणतो, तिथं गल्लीत भांडण झालं तरी बायका ठाण्यात जातात आणि पावती घेऊनच परत येतात. आपल्याकडं बाई एकटी ठाण्याची पायरी चढली की गाव विचारतं, काय झालं असंल? या एका वाक्यात केरळ आणि बिहारच्या आकड्यांमधला बराचसा फरक बसतो.

आता स्वीडन.

बलात्कार म्हणजे काय हे तिथल्या कायद्यानं दोनदा रुंद केलं. २००५ मध्ये असहाय अवस्थेतल्या व्यक्तीवर केलेली कृत्यं, जी आधी हलक्या कलमात जात, ती बलात्काराच्या कलमात आली. १ जुलै २०१८ पासून तर संमती हाच कायद्याचा पाया झाला. म्हणजे जोरजबरदस्ती, धमकी सिद्ध करायची गरज नाही, समोरची व्यक्ती स्वेच्छेनं सहभागी नव्हती एवढं पुरतं. त्यामुळं २०१७ मध्ये तिथं बलात्काराच्या १९० शिक्षा झाल्या होत्या, त्या २०१९ मध्ये ३३३ वर गेल्या. नवरा असला तरी सूट नाही. आपल्याकडं भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये, बायको १८ वर्षांवरची असेल तर नवऱ्याला आजही अपवाद आहे. म्हणजे स्वीडनच्या बेरजेत जो एक मोठा गठ्ठा आहे, तो आपल्या वहीत लिहायला रकानाच नाही.

दुसरी गोष्ट मोजण्याची, आणि ती माझ्यासारख्या कारकुनाच्या जास्त जिव्हाळ्याची. एखाद्या बाईनं स्वीडनच्या पोलिसांना सांगितलं की नवरा वर्षभर आठवड्यातून एकदा जबरदस्ती करत होता, तर तिथला कारकून बावन्न गुन्हे मोजतो. प्रत्येक वेळ वेगळी. आपल्याकडं ती एक फिर्याद, एक गु.र.नं. म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, एक गुन्हा. त्यातही एनसीआरबीचा नियम असा की एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर सगळ्यात गंभीर एकच मोजायचं. घरफोडी करताना बलात्कार केला तर घरफोडी मोजणीतून गेली. बलात्कार करून खून केला तर तो खुनात, वेगळ्या रकान्यात. हा नियम मोजणीच्या सोयीचा आहे, लबाडीचा नाही, पण परदेशाशी तुलना करताना तो कुणी सांगत नाही.

तिसरी गोष्ट, मोजायचं कधी. स्वीडनमध्ये तक्रार आली की मोजली. पुढं तपासात गुन्हा घडलाच नव्हता असं निघालं तरी त्या वर्षीच्या आकड्यातून ती वजा होत नाही. जर्मनीत उलट. तिथं तपास पूर्ण होऊन कागद सरकारी वकिलाकडं गेले की मग मोजतात. एकाच घटनेचा हिशोब एका देशात दारातून आत येताना होतो, दुसऱ्यात बाहेर जाताना. आणि तुमच्या आत्याबाईंच्या तक्त्यात दोन्ही एका ओळीखाली एक.

एक बारीक गंमत अजून. एनसीआरबी महिलांवरच्या गुन्ह्यांचा दर काढताना भागाकार फक्त महिलांच्या लोकसंख्येनं करते. २०२२ मध्ये बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे, दर लाख महिलांमागे ४.७. स्वीडनमध्ये त्या वर्षी नऊ हजारांच्या आसपास तक्रारी, लोकसंख्या साधारण एक कोटी पाच लाख, आणि दर बायका-पुरुष-पोरं सगळी धरून. भागाकारसुद्धा एक नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे आपलं खरं चित्र त्यापेक्षा वाईट आहे? त्याचा एक अंदाज सरकारी सर्वेक्षणातच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ मध्ये झाली. त्यात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ज्यांनी कुणाकडं तरी मदत मागितली त्या फक्त १४ टक्के. ७७ टक्क्यांनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलंसुद्धा नाही. ज्यांनी मागितली त्यांतही बहुतेकींनी माहेर गाठलं, पोलीस ठाणं नव्हे. मग आमच्या रजिस्टरला किती येणार?

हे तुम्हाला परकं वाटत असेल तर द्राक्षाचं घ्या. मागं कधीतरी तुमच्या शिवारातही परराज्यातला व्यापारी आला असेल, दोन गाड्या रोख उचलल्या असतील, तिसऱ्या-चौथ्याला चेक दिला असेल आणि मग फोन बंद. किती जणांनी फिर्याद दिली? दलाल गावातलाच, कोर्टाच्या तारखा कोण करणार, पैसे थोडे तरी येतील, शिवाय लोक हसतील. फसवले गेलेले वीस, सही करायला आलेले तीन, हे आमच्या ठाण्यात नेहमीचं होतं. पैशाच्या बाबतीत पुरुष माणूस लाजतो, तर दुसऱ्या बाबतीत बाईचं काय होत असेल!

तर मग देशादेशांची तुलना करायचीच नाही का? करायची, पण जे लपवणं अवघड आहे त्याची. मोबाईल गहाळ होतो, मढं गहाळ होत नाही. म्हणून पोलिसातली माणसं पहिल्यांदा खुनाचा आकडा बघतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ व गुन्हे विषयक कार्यालयाच्या अभ्यासात २०२१ मध्ये जगात सुमारे ४ लाख ५८ हजार माणसं खुनात मेली, म्हणजे लाखामागे ५.८. त्याच वर्षी अमेरिकेत साडेसहा-सातच्या दरम्यान. भारतात २०२२ मध्ये २८,५२२ खून, लाखामागे २.१. स्वीडनमध्ये त्या वर्षी ११६ जण मारले गेले, लाखामागे १.१. जपानमध्ये पाव.

लाखामागे वगैरे नुसतं ऐकून काही डोळ्यापुढं येत नाही, म्हणून आपल्या जिल्ह्यावर बसवून बघू. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्हा २८ लाखांचा. जपानचा दर इथं लावला तर वर्षाला सहा-सात खून. म्हणजे एलसीबीच्या, स्थानिक गुन्हे शाखेच्या, पोरांना कॅरम खेळायला वेळ. स्वीडनचा लावला तर तीसएक, भारताच्या सरासरीनं साठाच्या आत-बाहेर, जगाच्या सरासरीनं एकशे साठ. आणि मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरचा २०१५ मधला, जो लाखामागे शंभरच्या वर होता, तो लावला तर रोज सात-आठ मढी. मिरजेचं सिव्हिल हॉस्पिटल त्यातच बुडेल.

त्या एल साल्वादोरचं नाव आता सगळीकडं ऐकू येतं. तिथं मार्च २०२२ मध्ये आणीबाणी लावली, ८० हजारांहून जास्त माणसं आत टाकली, आणि खुनाचा सरकारी दर २०२३ मध्ये २.४ वर आला. टोळ्यांची खंडणी थांबली, लोक रात्री बाहेर पडू लागले, हे खरं आहे. पण पोलिसांच्या चकमकीत मेलेले त्या हिशोबात धरत नाहीत, आणि लोकसंख्या जेमतेम ६३ लाख असताना एवढी माणसं धड खटला न चालवता कोंडली आहेत. आमच्यातले काही जण चहाच्या टपरीवर म्हणतात, आपल्याकडं असंच पाहिजे. नावावरून, गोंदणावरून, शेजाऱ्याच्या चुगलीवरून उचलल्यावर त्यात कोण कोण सापडतं, हे ज्यानं कोंबिंग ऑपरेशनची रात्र काढलीय त्याला विचारा.

खुनाचा आकडाही अगदी धुतल्या तांदळासारखा नसतो. जर्मन पोलिसांच्या वार्षिक आकड्यात खुनाच्या शीर्षकाखाली खुनाचे प्रयत्नसुद्धा बेरजेत येतात. न बघता तो आकडा उचलला तर जर्मनी आहे त्याच्या कितीतरी पट रक्तबंबाळ दिसतो. आपल्याकडं हुंडाबळीचं खातं वेगळं. २०२२ मध्ये ६,४५० हुंडाबळी नोंदले गेले, ते त्या २८,५२२ मध्ये नाहीत. आणि विहिरीत सापडलेली सून आधी अकस्मात मृत्यू म्हणूनच रजिस्टरला येते. माहेरचे आले, ओरडले, तर पुढचं कलम लागतं. म्हणजे मढंही कधी कधी गहाळ होतं, मघाशी मी जरा जोरात बोललो.

दुसरी विश्वासाची गोष्ट म्हणजे पोलिसांना वगळून थेट लोकांना विचारणं. गेल्या वर्षभरात तुमच्या घरी चोरी झाली का, मारहाण झाली का, पोलिसांना सांगितलं का? अमेरिकेत १९७३ पासून, इंग्लंडमध्ये १९८२ पासून हजारो घरांत असं विचारत आलेत. अमेरिकेत त्यातून सारखं हेच दिसतं की हिंसक गुन्ह्यांपैकी निम्मेसुद्धा पोलिसांपर्यंत जात नाहीत. १९८९ पासून काही देशांनी मिळून एकच प्रश्नावली वापरली, पुढच्या फेऱ्यांत मुंबईतही ती विचारली गेली. आपल्याकडं दरवर्षीचं असं देशव्यापी सर्वेक्षण नाही, आणि ते व्हावं असं मला नोकरीत असल्यापासून वाटतं. पण इथंही सावध राहा. २०१२ मध्ये युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेनं २८ देशांतल्या ४२ हजार बायकांना हिंसेबद्दल विचारलं. पंधरा वर्षांच्या वयानंतर शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं डेन्मार्कमध्ये ५२ टक्के, स्वीडनमध्ये ४६ टक्के बायकांनी सांगितलं, पोलंडमध्ये १९ टक्के. पोलिश पुरुष डॅनिश पुरुषांपेक्षा इतके गुणी, असं मानायला माझं मन धजत नाही. अनोळखी बाई दारात वही घेऊन आली तर तिला काय सांगायचं, हेसुद्धा देशागणिक बदलतं.

आणि सुरक्षिततेचा निर्देशांक म्हणून ज्या वेबसाईटचे नंबर फिरतात, तिथं कुणीही जाऊन फॉर्म भरू शकतो. तिला विसरा.

आता स्वीडनची खरी काळजी कुठं आहे ते सांगतो, कारण सगळा कागदांचाच घोळ म्हणून हात झटकणंही चूक होईल. टोळीयुद्ध हा तिथला खरा प्रश्न आहे. अंमली पदार्थांच्या धंद्यातल्या टोळ्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या हातात पिस्तुलं देतात, इमारतींच्या दारात स्फोट घडवतात. पश्चिम युरोपात एवढे स्फोट आणि गोळीबार दुसरीकडं क्वचितच. लुंडपासून ट्रेननं पंधराएक मिनिटांवर मालमो आहे, तिथं हे घडत आलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये एरेब्रू शहरात प्रौढांच्या शाळेत एकानं दहा जणांना गोळ्या घालून मारलं. दुसरीकडं २०२४ मध्ये हिंसेत मेलेल्यांची देशभरातली संख्या ९२ वर आली. मरणारे आणि मारणारे बहुतेक त्याच धंद्यातले तरुण पुरुष असतात. मिरजेत एका टोळीनं दुसऱ्या टोळीचा माणूस पाडला तर विश्रामबागच्या क्लासला जाणाऱ्या पोरीचा धोका किती वाढतो? अगदी शून्य म्हणत नाही, पण तिच्या घरच्यांनी क्लास बंद करावा इतका नाही. गुन्ह्याचा दर हा सगळ्यांवर सारखा पसरलेला पाऊस नसतो. तो ठरावीक गल्लीत, ठरावीक वेळेला, ठरावीक माणसांवर पडतो.

खरसुंडीच्या यात्रेला मी बंदोबस्त केलाय. एरवी शांत गाव. यात्रेत खिलार जनावरांच्या बाजाराला लाखो माणसं, आणि धोतराच्या कनवटीला बैल विकल्याचे पैसे. खिसेकापू मग कुठून कुठून येतात. त्या चार दिवसांच्या चोऱ्यांना गावाच्या लोकसंख्येनं भागलं तर खरसुंडी न्यूयॉर्कच्या पुढं जाईल. व्हॅटिकनचं नेमकं हेच होतं. रहिवासी हजाराच्या आत, दर्शनाला वर्षाकाठी लाखोंनी माणसं, खिसे मारले जातात, आणि भागाकार करणारा म्हणतो पोपच्या गावात जगातली सगळ्यात जास्त गुन्हेगारी.

परदेशात आपल्या पोरांच्या वाट्याला येणारा एक धोका मात्र कुठल्याच सरासरीत दिसत नाही, तो रंगावरून होणाऱ्या हल्ल्यांचा. २००९ मध्ये मेलबर्नला आपल्या विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये झाले, तेव्हा तिथल्या आपल्या दूतावासानं एकाकी जागा टाळा, रात्री-अपरात्री जपून राहा अशी सूचना काढली. आयर्लंडचा एकूण आकडा बघून हे कळलं नसतं. असल्या गोष्टीसाठी तिथल्या मराठी मंडळातल्या, भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपमधल्या पोरांना विचारावं. त्यांना गल्ल्या माहीत असतात.

माझा मुलगा जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरीला आहे. निवृत्तीनंतर तीन महिने त्याच्याकडं राहून आलो. सवय जात नाही, फिरायला निघालो तरी नजर दारं, कुलुपं, कोपरे बघत असते. रात्री साडेअकराच्या लोकलमध्ये समोर एकटी पोरगी पुस्तक वाचत बसली होती, बॅग शेजारच्या सीटवर उघडी. मी अस्वस्थ. ती उतरली आणि अंधारात चालत गेली, मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. माझी लेक पुण्याहून रात्रीच्या गाडीनं मिरजेला उतरते तेव्हा मी, तेहतीस वर्षं वर्दीत काढलेला माणूस, अर्धा तास आधी स्टेशनवर जाऊन उभा असतो. दुसऱ्याच आठवड्यात तिथल्या मोठ्या स्टेशनवर दारुड्यांची धक्काबुक्की बघितली, आणि मुलाच्या मित्राचं पाकीट त्याच स्टेशनात मारलं गेलं. पोलिसांनी शांतपणे दोन पानं लिहून घेतली. "गहाळ झालं असंल" असं कुणी म्हणालं नाही. पाकीट काही मिळालं नाही, हेही सांगतो.

आणि ज्या आकड्याला कुणी गुन्हा म्हणत नाही, तो बघा. २०२२ मध्ये आपल्याकडं रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. खुनाच्या जवळपास सहापट. स्वीडनमध्ये त्या वर्षी सव्वादोनशेच्या आसपास. लाखामागे बघितलं तर आपले बारा आणि त्यांचे दोन. १९९७ मध्ये त्यांच्या संसदेनं ठरवलं की रस्त्यावर मरण ही नशिबाची गोष्ट मानायची नाही, रस्ताच असा बांधायचा की माणसाची चूक झाली तरी जीव वाचावा. समोरासमोरच्या गाड्यांमध्ये तारेचे कठडे घातले, चौकांचे गोल केले. आपण पेठ नाक्यापासून खंबाटकीपर्यंत मढी उचलतो आणि 'चालकाचा ताबा सुटला' असं लिहितो. मीच शेकड्यानं लिहिलंय. तुमची लेक आज तासगावहून सांगलीला स्कूटीवर येते ना? हेल्मेट घालते का?

तर सरळ उत्तर: पाठवा. लुंड हे विद्यापीठाचं जुनं गाव आहे, विद्यापीठ १६६६ पासूनचं, गाव विद्यार्थ्यांनी भरलेलं. अनोळखी माणसाकडून तिच्या जिवाला असलेला धोका तिथं इथल्यापेक्षा जास्त नाही, रस्त्यावरचा तर बराच कमी. ओळखीच्या माणसाकडून असलेला धोका दोन्हीकडं आहे. आपल्याकडं बलात्काराच्या ९५ टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, हे एनसीआरबी दरवर्षी छापते, आणि आपण मात्र पोरींना अनोळखी माणसापासून सावध राहायला शिकवतो. तिला समजावायचंच असेल तर वसतिगृहातली पार्टी, मद्याचा पेला आणि ओळखीचा मुलगा याबद्दल मोकळेपणानं बोला. तुम्हाला जमणार नसेल तर आईला, आत्याला सांगा. आणि एवढंही सांगा की काही झालंच तर घरची अब्रू वगैरे मनात न आणता पहिल्यांदा पोलिसांकडं जा, तिथला कायदा तिच्या बाजूनं जास्त रुंद आहे.

तातडीला ११२, आपल्यासारखाच. तातडी नसेल तर पोलिसांचा ११४ १४. हे दोन्ही, स्टॉकहोमच्या आपल्या दूतावासाचा नंबर आणि तुमचा नंबर एका कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरात ठेवायला लावा, कारण मोबाईल गेला की सगळे नंबर जातात. खोली ठरवताना भाडं भरायच्या आधी विद्यापीठाकडून खात्री करून घ्या. न बघितलेल्या खोलीचं डिपॉझिट मागणारे ठग युरोपभर आहेत, आणि परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत बलात्कार-खुनापेक्षा हीच फसवणूक घडायची शक्यता कितीतरी जास्त. द्राक्षाच्या व्यापाऱ्याला ओळखायला तुम्ही जे शिकलात तेच इथं वापरा: गोड बोलतो, घाई करतो, आधी पैसे मागतो. डिसेंबरात तिथं दुपारी साडेतीनला सूर्य मावळतो, त्याची आधीच कल्पना द्या. नाहीतर पहिल्याच हिवाळ्यात फोनवर "इथं सारखा अंधार असतो" ऐकून तिची आई इकडं झोपायची नाही.

राहिली सायकल. लुंडमध्ये सगळे सायकलवर फिरतात आणि सायकली चोरीला जातात, भरपूर जातात. जुनी, साधी घ्यायला सांगा, कुलूप मात्र भारी. आणि तरी गेलीच तर ११४ १४ वर फोन करून तक्रार नोंदवायला सांगा. विम्याला तो नंबर लागतो. फोनवरची बाई चोराला बघितलंस का असं विचारणार नाही, मुकाट लिहून घेईल. त्या वर्षी स्वीडनचा आकडा एकानं वाढेल, तेवढं आत्याबाईंना सांगू नका.